वृद्धांचा डबा बंद का होतो ?

(घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना दुपारचे जेवण घरपोच देण्याचे काम हाती घेणाऱ्या महिला बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण.)



शंभर माणसांच्या वरणाला किती डाळ लागते, सकाळी लाटलेल्या पोळ्या दुपारपर्यंत मऊ कशा ठेवाव्यात, या विषयांवर आपल्यापुढे बोलण्याचे धाडस मी करणार नाही. त्या बाबतीत जाणकार आपणच आहात. जगात इतरत्र असे उपक्रम पुष्कळ वर्षे चालले आहेत आणि त्यांच्या अनुभवातून एक प्रश्न सतत पुढे आला आहे. तेवढाच प्रश्न मी आज मांडणार आहे. ज्यांना या जेवणाची सर्वांत अधिक गरज असते, त्यांच्यापैकीच काहीजण काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ते घेणे बंद करतात. असे का व्हावे ?

‘गळती’ हा शब्द आपण शाळेसाठी राखून ठेवला आहे. शाळा सोडलेले मूल निदान शेतात, रस्त्यावर, चहाच्या टपरीवर कोणाच्या तरी दृष्टीस पडते. डबा बंद झालेली वृद्ध व्यक्ती मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. ती अगोदरच दाराआड होती. दिवसातून एकदा ते दार उघडत होते ते डब्यासाठी. डबा थांबला की दारही उघडेनासे होते. नोंदवहीत एक नाव कमी होते, दुसऱ्या दिवशी प्रतीक्षायादीतील पुढचे नाव त्या जागी येते आणि डब्यांची एकूण संख्या तीच राहते. अहवाल पाहणाऱ्याला काही घडले असे वाटतच नाही.

या सेवेचा इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील महिलांच्या स्वयंसेवी संघटनेने बॉम्बवर्षावात घरे गमावलेल्या कुटुंबांना शिजविलेले अन्न पोहोचविले. पुढे हेच काम अशक्त वृद्धांसाठी चालू राहिले. ऑस्ट्रेलियात डोरिस टेलर या बाईंनी १९५३ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात अशी संस्था काढली. बालपणीच्या अपघातामुळे त्या स्वतःच चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या होत्या. दाराआडच्या माणसाला काय हवे असते हे त्यांना वेगळे शिकावे लागले नसावे. अमेरिकेत १९५४ साली फिलाडेल्फिया शहरात या कामाचा प्रारंभ झाला आणि तेथे जेवण घरोघर नेऊन देत ते शाळकरी विद्यार्थी. त्या देशात १९६५ साली वृद्धांविषयीचा कायदा झाला. १९७२ साली वृद्धांनी एकत्र येऊन जेवण्याची केंद्रे त्या कायद्याखाली आली आणि १९७८ साली घरपोच जेवणाची स्वतंत्र तरतूद झाली. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी ही सेवा असून, एका जेवणातून दिवसाच्या पोषणाचा किमान तिसरा हिस्सा मिळावा, असा दंडक आहे.

केंद्रातील जेवण आणि घरपोच जेवण यांच्यामध्ये तेथेही काही वर्षे गेली, हे ध्यानात घ्यावे. आपल्या देशातही असेच दिसते. तामिळनाडूत शाळकरी मुलांसाठी १९८२ साली माध्यान्ह भोजनाची मोठी योजना सुरू झाली आणि १९८३ साली वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना तीत सामावून घेण्यात आले. केंद्र शासनाच्या २००० सालच्या अन्नपूर्णा योजनेने निराधार वृद्धांना महिना दहा किलो धान्य विनामूल्य देण्याची व्यवस्था केली. आपल्या राज्यात २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. या साऱ्यांचे मोल मोठे आहे. परंतु थाळीसाठी केंद्रापर्यंत चालावे लागते, आणि धान्याला चूल लागते, चुलीपुढे उभे राहण्याचे पाय लागतात. ज्याचे गुडघे उंबऱ्यापाशीच थांबतात त्याच्यासाठी उरतो तो घरी येणारा डबा. म्हणूनच तो बंद होणे ही किरकोळ बाब नव्हे.

आता कारणांकडे वळू.

नोंदवहीत सामान्यतः तीन कारणे लिहिलेली असतात : मृत्यू, स्थलांतर आणि ‘इतर’. वृद्धांच्या सेवेत पहिली दोन कारणे नेहमीच राहणार. कोणी मुलीकडे राहावयास जाते, कोणी वृद्धाश्रमात. याला गळती म्हणणे बरोबर नाही. प्रश्न आहे तो ‘इतर’चा. शासकीय नमुन्यांत या रकान्याइतका आतिथ्यशील रकाना दुसरा नाही. तेथे कोणीही येऊन बसू शकते आणि कोणालाही नाव विचारले जात नाही. आपण आपल्या वहीत हा रकाना ठेवूच नये, अशी माझी सूचना आहे.

या रकान्यात दडलेले पहिले कारण म्हणजे रुग्णालय. वृद्ध माणूस पडतो, किंवा त्याला दम लागतो, किंवा अंगात पाणी साठते. त्याला रुग्णालयात नेतात. जेवण पोहोचविणारा दुसऱ्या दिवशी कुलूप पाहून परततो. कार्यालयात ‘तात्पुरते स्थगित’ अशी नोंद होते, आणि ती योग्यच असते. बंद दारापुढे अन्न ठेवून येण्यात अर्थ नाही. परंतु पुढे काय ? स्थगिती देण्याचे काम संस्थेने केले. ती उठविण्याचे काम मात्र रुग्णावर सोपविलेले असते. घरी परतल्यावर त्याने दूरध्वनी करावा, अशी अपेक्षा असते. जो माणूस खाटेवरून उठून मोरीपर्यंत जाताना भिंत धरतो, ज्याच्या उशाशी पाच नव्या गोळ्यांची पाकिटे आणि न समजणारी चिठ्ठी आहे, त्याने क्रमांक शोधून कार्यालयाला कळवावे की मी आता परत आलो आहे. तो कळवीत नाही. ठरलेला काळ उलटतो आणि ‘स्थगित’चे ‘बंद’ होते. या माणसाने काही नाकारलेले नाही, काही निवडलेले नाही. तो केवळ दोन नोंदींच्या मधल्या फटीत पडला.

आणि नेमका हाच काळ त्याला अन्नाची सर्वाधिक गरज असण्याचा. आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळल्याने म्हातारपणी स्नायू किती झपाट्याने झिजतात, हे डॉक्टर मंडळी आपणांस सांगतील. त्यातून तो सावरला तर अन्नानेच सावरणार. अमेरिकेत अलीकडे काही आरोग्यविमा योजना रुग्णालयातून घरी आलेल्या वृद्धांना काही दिवस जेवण पुरवितात ते याच कारणाने. आपल्याला विमा कंपनीची वाट पाहण्याचे कारण नाही. कुलूप दिसले की शेजारी विचारावयाचे, कोणत्या रुग्णालयात नेले ते वहीत लिहावयाचे, आणि दर तीन दिवसांनी आपण होऊन चौकशी करावयाची. डबा थांबविणे आपल्या हाती असेल, तर तो पुन्हा सुरू करणेही आपल्याच हाती असले पाहिजे.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे आणि त्याला मराठीत फार अचूक शब्द आहे : मिंधेपणा. आयुष्यभर ज्या बाईने आल्यागेल्याला वाढले, तिच्या हाती रोज कोणी परका डबा देतो, तेव्हा तिचे पोट भरते आणि मान खाली जाते. ती तोंडाने काही बोलत नाही. पहिले काही दिवस घेते, मग म्हणते, “आता मला बरे आहे, माझ्यापेक्षा गरजू असेल त्याला द्या.” हे वाक्य जगातील सर्व भाषांत बोलले जाते. अमेरिकेतील कार्यकर्त्यांनाही ते परिचयाचे आहे. ते ऐकून आपण त्या बाईंच्या मनाचा मोठेपणा वाखाणतो आणि नाव कमी करतो. मन मोठे असेलही. परंतु त्या संध्याकाळी त्या चहात पाव बुडवून खाणार आहेत, हेही तितकेच खरे असू शकते.

अमेरिकेतील कायद्याने याबाबत एक शहाणपणाची वाट काढली आहे. जेवणाचे मोल सक्तीने घ्यावयाचे नाही, परंतु ज्याला द्यावेसे वाटेल त्याला स्वेच्छेने देता यावे. कोणी किती दिले, वा दिलेच नाही, हे गुप्त राहावे आणि न देणाऱ्याचे जेवण थांबू नये. देण्याची मुभा असली की घेणे सुसह्य होते. अर्थात हीच मुभा चुकीच्या हाती गेली तर तिचा काच होतो. सुचविलेल्या रकमेचा कागद दरमहा आला की भिडस्त वृद्धाला ते देयकच वाटते, आणि देयक भागविता येत नाही म्हणून तो सेवा सोडतो. कागदावर ‘ऐच्छिक’ असे छापलेले असते. परंतु ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्याला मोठ्या अक्षरातील रक्कम तेवढी दिसते.

आपल्याकडे या प्रश्नाला एक घरगुती उत्तर पूर्वापार आहे. शेजारणीचे भांडे आपण रिकामे परत करीत नाही. काही नसले तर चिमूटभर साखर घालून देतो. डबा घेणाऱ्या आजींनी परतीच्या डब्यात असे काही घातले, तर “असू द्या हो, कशाला” म्हणून ते परत करू नका. घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा उल्लेख करा. ज्यांना वाती वळता येतात, लसूण सोलता येतो, कोथिंबीर निवडता येते, त्यांना तेवढे काम घरी नेऊन देता येईल. डबा घेणारी व्यक्ती त्या स्वयंपाकाची भागीदार झाली की तो डबा तिचाही होतो.

तिसरे कारण प्रत्यक्ष अन्नाचे. येथे मी फार वेळ घेणार नाही. वयोमानाने जीभ आणि नाक मंद होतात. कित्येक औषधांनी तोंड कोरडे पडते. कवळी सैल होते आणि पोळी चावत नाही. त्यातच मीठ कमी, तेल कमी, साखर वर्ज्य असे पथ्याचे जेवण. पथ्य पाळलेच पाहिजे. परंतु ताटात राहिलेल्या पथ्याच्या भाजीतून कोणाचेही पोषण होत नाही. मीठ कमी केल्यावर लिंबू, कोकम, जिरे, आले, कोथिंबीर यांनी चव आणता येते, हे आपणांस मी सांगावे असे नाही. भाकरी दुधात वा ताकात कुस्करून द्यावी लागेल, भात मऊ लागेल. ज्यांना पक्षाघात झाला आहे त्यांना पातळ पदार्थाने ठसका लागतो. त्यांच्याविषयी डॉक्टरांना विचारल्यावाचून काही देऊ नये. एकादशी, चतुर्थी, चातुर्मासातील कांदा-लसूण यांची नोंद प्रत्येकाच्या नावापुढे हवी. ज्या घरी आयुष्यभर सुकट-बोंबील शिजले त्या आजोबांना वर्षभर दुधीभोपळा खाऊ घालणे ही सेवा असली तरी शिक्षाही आहे. परदेशी गेलेल्या आपल्या माणसांनाही हा अनुभव आला आहे. मुलांमागून अमेरिकेस गेलेल्या भारतीय वृद्धांना तेथील सार्वजनिक जेवण पाठविले तर ते उघडूनही पाहात नाहीत असे आढळते. न्यूयॉर्कसारख्या शहरात दक्षिण आशियाई वृद्धांसाठी भाजी-भाताचे वेगळे जेवण देण्याची व्यवस्था काही संस्थांना म्हणूनच करावी लागली.

अन्नापेक्षाही डबा, दार आणि वेळ यांच्याकडे अधिक दुर्लक्ष होते. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांना घट्ट बसलेले झाकण उघडत नाही. परदेशात हीच तक्रार गोठविलेल्या जेवणाच्या तबकावरील प्लास्टिकच्या पापुद्र्याबद्दल आहे. घंटा ऐकू येत नाही. ऐकू आली तरी खाटेवरून उठून कडी काढीपर्यंत चार-पाच मिनिटे जातात, आणि डबा देणाऱ्याला पुढे वीस घरे गाठावयाची असतात. तो “घरी कोणी नाही” असे लिहून निघतो. दार उघडते तेव्हा जिन्यात कोणी नसते. असे दोनदा घडले की ती व्यक्ती वाट पाहणे सोडून देते. वेळेचा प्रश्न तर काही वेळा जिवावर बेतणारा आहे. मधुमेहाची गोळी वा सुई ठरलेल्या वेळी घेतली आणि जेवण दीड तास उशिरा आले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. एकदा घेरी येऊन पडलेली बाई पुन्हा त्या डब्याच्या भरवशावर राहणार नाही, आणि तिचे ते म्हणणे योग्यच आहे. उशीर होणार असेल तर तसे कळविणे हा सौजन्याचा भाग नसून औषधाचा भाग समजावा.

विस्मरण आणि उदासीनता ही आणखी दोन कारणे. विस्मरण झालेली व्यक्ती डबा घेते, झाकून ठेवते आणि विसरते. संध्याकाळी तिला वाटते, आज काही आलेच नाही. जोडीदाराच्या मृत्यूनंतर पुष्कळ पुरुषांची अन्नावरची वासना जाते; ते “भूक नाही” म्हणतात आणि ते खोटे नसते. यांना डब्याइतकीच कोणीतरी समोर बसून “दोन घास खा” म्हणण्याची गरज असते.

येथे मी डबा पोहोचविणाऱ्या माणसापाशी येतो. अमेरिकेत खर्च वाचविण्यासाठी, विशेषतः दूरच्या वस्त्यांत, रोजच्या गरम जेवणाऐवजी आठवड्यातून एकदाच गोठविलेल्या जेवणांची पेटी देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रतीक्षायादीवरील वृद्धांचे तीन गट केले होते : एकाला रोज गरम जेवण, दुसऱ्याला आठवड्याची पेटी, तिसरा यादीवरच. अन्न पहिल्या दोघांनाही मिळाले. परंतु ज्यांच्या दाराशी रोज कोणी येत होते, त्यांचे एकाकीपण अधिक कमी झाल्याचे आढळून आले. हिशेब मांडताना पेटी स्वस्त पडते यात शंका नाही. फक्त, दारात उभे राहून “काल खोकला होता, आज कसे आहे ?” असे विचारण्याचे काम पेटी करू शकत नाही. ब्रिटनमध्ये गेल्या काही दशकांत अनेक स्थानिक परिषदांनी खर्चापायी ही सेवाच बंद केली. तेथे वृद्धांनी सेवा सोडली असे म्हणता येणार नाही. सेवेनेच त्यांना सोडले.

डबा पोहोचविणारी व्यक्ती वारंवार बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ओळखीच्या पावलांना दार लवकर उघडते. त्या व्यक्तीला वेतन वा मानधन देताना प्रत्येक घरी थांबण्याची तीन-चार मिनिटे तिच्या कामात धरा. ती मिनिटे फुकट गेली असे समजून घरांची संख्या वाढवीत नेलीत, तर गळती तेथूनच सुरू होईल.

आता, कोणी डबा सोडण्याच्या बेतात आहे हे आपणांस कळणार कसे ? “जेवण आवडते का ?” असे विचारू नका. ज्याच्या घरचे अन्न खातो त्याला नावे ठेवू नयेत, हा संस्कार घेऊन ती पिढी वाढली. ती “छान असते” असेच म्हणणार. त्याऐवजी परत येणारा डबा पाहा. अमेरिकेतील जेवण बहुधा फेकून देण्याच्या तबकात जाते, त्यामुळे काय उरले हे पुष्कळदा कोणालाच कळत नाही. आपला डबा परत येतो, ही आपली मोठी सोय आहे. अर्थात तीतही एक खोच आहे. उरलेले दिसू नये म्हणून कित्येक आजी डबा घासून पुसून देतात. तेव्हा लख्ख डब्यावर भाळू नका. केराच्या बादलीजवळ कावळे का जमतात, हे शेजारणीला विचारा. काहीजण अर्धे अन्न मुद्दाम रात्रीसाठी ठेवतात. एकच जेवण मिळणार असेल तर तसे होणारच. मग तो पदार्थ रात्रीपर्यंत टिकणारा हवा, उन्हाळ्यात आंबणारा नव्हे. प्रश्न विचारावयाचाच झाला तर असा विचारा : “उद्या काय पाठवू ?” यातून आवड कळते, आणि निवड आपल्या हाती आहे असेही त्यांना वाटते.

वहीबद्दल दोन गोष्टी सांगून मी थांबतो. डबा थांबला की तारीख, थांबविण्याचा शब्द कोणाचा आणि त्यांनी सांगितलेले कारण त्यांच्याच शब्दांत लिहावे. हे तीन रकाने पुरे. कित्येकदा “आता डबा नको” हा निरोप वृद्धाचा नसून, शेजारी काय म्हणतील या विचाराने मुलाने वा सुनेने दिलेला असतो. म्हणून शब्द कोणाचा, ही नोंद महत्त्वाची. तो निरोप आला तरी एकदा प्रत्यक्ष भेटल्याशिवाय नाव खोडू नये. भेटीनंतर त्या व्यक्तीने स्वतः, समजून-उमजून, नको म्हटले तर तिचा तो अधिकार आहे. तिच्यावर दडपण आणू नये. मात्र नाव वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा जावे. त्या भेटीला डबा नेऊ नये. सहज आलो म्हणून जावे, पाणी मागावे, आणि त्या आतून पाणी आणावयास कशा उठतात ते पाहावे.